हाताला येतं, तोंडाला येत नाही

(अंबरनाथमध्ये बारावीनंतरच्या शिक्षणावर तरुणांची एक बैठक झाली. तिथे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



माझ्याआधी इंजिनीअरिंगवर बोलून झालं, नर्सिंगवर झालं, स्पर्धा परीक्षांवर झालं. मला शेवटी ठेवलं आहे. संयोजकांचा दोष नाही. संगीत हा विषय आपल्याकडे जेवण झाल्यावरच काढतात. पण मी गाण्याबजावण्याच्या मजेवर बोलायला आलेलो नाही. कॉलेजात, विद्यापीठात संगीत हा विषय घेऊन शिकायचं असेल तर तिथे काय मागतात आणि ते आपल्या मुलामुलींकडे का नसतं, एवढंच सांगणार आहे. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. अब्बा ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर होते. घरात वाद्य नव्हतं. वाद्य होतं मामूंकडे, उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात. मामू दिवसा जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचे आणि रात्री कव्वाली पार्टीत तबला वाजवायचे. माघ पौर्णिमेला हाजी मलंगच्या उरुसात त्यांची हजेरी ठरलेली. आठवीपासून मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. आधी पेटी उचलायला, मग चहा आणायला. एका रात्री मामूंच्या बोटाला शिलाईची सुई लागलेली होती म्हणून मला बसवलं, आणि मग मी बसलोच. बारावीपर्यंत पूर्ण रात्र तबल्यावर काढायची सवय झाली होती. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांतही आम्ही वाजवायचो. तिथले म्हातारे लोक खूश होऊन खिशात नोट घालायचे. मला वाटायचं, मला तबला येतो.

बारावीनंतर एका विद्यापीठाच्या संगीत विभागाची जाहिरात पेपरात पाहिली. पात्रता : बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा. पुढे लिहिलं होतं, प्रात्यक्षिक चाचणीवर प्रवेश. मी म्हटलं, हे माझ्यासाठीच छापलं आहे. पहाटेची गाडी पकडून गेलो.

आत तीन परीक्षक होते. एकजण पेटीवर लेहरा धरून बसलेले. मी केरवा सुरू केला, लग्ग्या लावल्या, त्यांनी मान हलवली. मग मधले परीक्षक म्हणाले, "छान. आता रूपक म्हणून दाखव."

मला रूपक एकच माहीत होता, मराठीच्या व्याकरणातला रूपक अलंकार. मी गप्प. ते म्हणाले, "बरं, त्रितालाचा ठेका हातावर टाळी-खाली दाखवून म्हण. मग दुगुन कर." मी म्हटलं, "सर, वाजवून दाखवतो ना." ते म्हणाले, "वाजवणं ऐकलं. आता म्हण." मला म्हणता आलं नाही. पेशकार विचारला, नाही. कायदा विचारला, मी वाजवत होतो त्यात कायद्याचे तुकडे असतीलही, पण कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला सांगता येईना. शेवटी ते अगदी आपुलकीने म्हणाले, "हात चांगला आहे. तयारी करून पुन्हा ये."

घरी न जाता मी उल्हासनगरला उतरलो. मामूंना विचारलं, रूपक म्हणजे काय? त्यांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, सात मात्रांचा असतो म्हणे. त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसायला लागले. "सात का? अरे, वो तो अपन ग़ज़ल में रोज़ बजाते हैं." आणि तिथेच मशीनच्या लाकडी फळीवर वाजवून दाखवला. तीस वर्षं हा माणूस रूपक वाजवत होता आणि त्याला रूपक म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते या एका प्रसंगात आहे. आपल्या वस्त्यांत हात आहेत, गळे आहेत. नात म्हणणाऱ्या मुली आहेत, ज्यांचा सूर ऐकून मी चालता चालता थांबतो. पण कॉलेज नुसता हात आणि गळा घेत नाही. जे वाजवता ते तोंडाने म्हणता यावं, हातावर मोजता यावं, कागदावर लिहिता यावं आणि त्याला नाव काय आहे हे सांगता यावं, असं कॉलेज मागतं. चाचणीत जे पडतात त्यातले पुष्कळ जण इथे पडतात.

आता जरा तपशिलात जातो. वही काढली तरी चालेल.

पदवीच्या पहिल्या वर्षाला बारावी लागते, शाखा कोणतीही चालते. पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत, नृत्य, नाट्य शिकवतात आणि कसून चाचणी घेऊनच प्रवेश देतात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. तिथल्या संगीत केंद्राची घडी अशोक दा. रानडे यांनी बसवली, त्यांची मराठी पुस्तकं मिळतील तिथून वाचा. मुलींसाठी चर्चगेटला एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ आहे, तिथल्या संगीत विभागाच्या प्रमुखपदी प्रभा अत्रे होत्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विभाग आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा आहे. बडोद्याची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे. आपल्या तीन शहरांत मी माझ्या वेळी शोधलं तेव्हा पदवीचं संगीत मला मिळालं नाही. म्हणजे प्रवास आला. बदलापूरहून सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. सकाळच्या गाडीत तबल्याची पिशवी घेऊन चढणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे असं समजा.

चाचणीत गायनाच्या मुलाला पहिला प्रश्न असतो, तुझा सूर कोणता? काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जे असेल ते. आपल्या नात म्हणणाऱ्या मुलांना हेच माहीत नसतं, कारण त्यांनी कधी तानपुऱ्यावर गायलेलंच नसतं. माईक हातात आला की सुरू. मग एखादा राग विचारतात. यमन, भूप, भीमपलास, बागेश्री, यांतला एक जरी नीट तयार असला तरी चालतं. पण नीट म्हणजे आलाप, विलंबित, द्रुत बंदिश, थोड्या ताना, आणि तालात. पेटीवर स्वर वाजवून ओळखायला सांगतात. तबल्याला त्रितालात दहा मिनिटं लेहऱ्यावर वाजवायला लावतात : पेशकार, कायदा आणि त्याचे पलटे, रेला, तुकडे. आणि पढंत. पढंत म्हणजे तेच, जे मला आलं नाही. झपताल, एकताल, रूपक यांचे ठेके, मात्रा, खंड, टाळी, खाली. रूपकात तर पहिल्याच मात्रेवर खाली येते, तिथे नवा माणूस हमखास फसतो.

आत गेल्यावर निम्मा अभ्यास लेखी असतो, हे पालकांना माहीत नसतं आणि मुलांनाही नसतं. रागाचा थाट, वादी, संवादी, जाती, वेळ. घराण्यांचा इतिहास. स्वरलिपी, तीही दोन पद्धतींची, एक भातखंड्यांची आणि एक पलुस्करांची. हजेरी ७५ टक्के लागते. रात्री पार्टी वाजवून सकाळी तास बुडवणाऱ्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, सगळ्यात जड ही हजेरी जाते. वर्षाच्या शेवटी बाहेरचा परीक्षक येतो आणि त्याच्यासमोर मंचावर बसावं लागतं.

मग तयारी कुठे करायची? तर बहुतेक जण गांधर्वच्या परीक्षा देतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, अशा सात पायऱ्या विशारदपर्यंत, त्याच्यावर अलंकार. वर्षातून दोन सत्रं असतात, एप्रिल-मेच्या सुमारास आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. सुरुवातीला तोंडी आणि प्रात्यक्षिक, पुढे लेखी पेपर येतो, तो मराठीतही लिहिता येतो. शाळेतल्या मुलांनी लवकर सुरू केलं तर आणखी एक फायदा आहे, ठरावीक परीक्षा पास असतील तर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. आपल्या शाळांत ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेबद्दल सगळ्यांना माहीत असतं, याबद्दल फार कमी जणांना.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. विशारद ही विद्यापीठाची पदवी नाही. कुठे ती पदवीसारखी धरतात, कुठे नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने बारावीनंतर कॉलेज सोडून फक्त विशारद केलं आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी अडकला. म्हणून कोणत्याही शाखेची पदवी जोडीला घ्या. मी तेच केलं. उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम., संध्याकाळी तबला, सहा वर्षांत विशारद, आणि मग एम.ए. संगीत. कोणतीही पदवी आणि सोबत विशारदच्या तोडीची तयारी असली की एम.ए.ची चाचणी देता येते, अशी सोय अनेक ठिकाणी आहे. शिवाय २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, एक नियमित आणि एक दूरस्थ असंही जमतं. अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर खिडकीवर चालत नाही.

आता माझ्या गुरुजींबद्दल.

नापास होऊन आलो त्या आठवड्यात उल्हासनगरच्या एका सिंधी आजोबांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे आम्ही लग्नात वाजवलं होतं. ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून शाह अब्दुल लतीफ भिटाईंचं कलाम गायचे. फाळणीत सिंध सुटलं, लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिले, पण हे सोडलं नाही. मला म्हणाले, ठेका धर. मी विचारलं, काय गाताय? म्हणाले, "कल्याण." मी म्हटलं, कल्याण तर दोन स्टेशनं पलीकडे आहे. ते इतके हसले! मग समजावलं की भिटाईंच्या रिसालोचे भागच सुरांच्या नावांनी पाडलेले आहेत आणि पहिला सुर कल्याण. रागाला नाव असतं आणि त्या नावाने एक मुसलमान सूफी कवी आपल्या पुस्तकाचे अध्याय लावतो, हे मला एका हिंदू सिंधी दुकानदाराकडून कळलं. त्यांनीच बदलापूरच्या एका शिक्षकांचा पत्ता दिला.

अंबरनाथहून एकच स्टेशन. पूर्वेला दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत वर्ग. भिंतीवर हार घातलेला एक फोटो. टोपी, शेरवानी, समोर तबला. मी विचारलं, "सर, हे कोण?" गुरुजी म्हणाले, "हे आमचे आजोबा." मी चमकलो. गुरुजींचं आडनाव चांगलं चित्पावनी. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या गुरूंचे गुरू. उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेब."

मला त्या नावाची ओळख नव्हती. अमीर हुसेन खाँ १९६९ पर्यंत मुंबईत होते. निखिल घोष, पंढरीनाथ नागेशकर, अरविंद मुळगावकर असे किती तरी शिष्य त्यांनी तयार केले. मुळगावकरांचं 'तबला' नावाचं मराठी पुस्तक आहे, त्यावर माझी विशारद झाली. आणि मला, मुसलमान घरातल्या, कव्वाली पार्टीत वाढलेल्या मुलाला, खाँसाहेबांचं नाव बदलापूरच्या एका ब्राह्मण मास्तरांच्या भिंतीवर भेटलं. तेव्हा मला आनंद झाला नाही, खरं सांगतो. लाज वाटली. थोडा रागही आला. कोणाचा ते मात्र नीट कळलं नाही.

नंतर लेखी पेपरचा अभ्यास करताना ते जास्तच जाणवलं. तबल्याची सहा घराणी पाठ करायची असतात : दिल्ली, अजराडा, लखनौ, फर्रुखाबाद, बनारस, पंजाब. त्यातल्या बहुतेकांच्या मूळ पुरुषांची नावं बघा. दिल्लीचे सिद्धार खाँ. अजराड्याचे कल्लू खाँ आणि मीरू खाँ. फर्रुखाबादचे हाजी विलायत अली खाँ. हाजीसाहेबांबद्दल सांगतात की ते प्रत्येक हजला, आपल्या हातून चांगल्या गती बनाव्यात अशी दुआ मागायचे. गत म्हणजे तबल्यातली एक रचना. गोष्ट किती खरी ते अल्लाह जाणे, पण तबलजींच्या घरात ती अदबीने सांगतात. गायनाकडे या : ख्यालात 'सदारंग' हे नाव येतं, ते नियामत खाँ. कोल्हापूरला अल्लादिया खाँ. मिरजेला अब्दुल करीम खाँ, ज्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, सवाई गंधर्वांना शिकवलं आणि ज्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर. थिरकवाँ खाँसाहेब तर बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबल्याला होते; मराठी नाट्यसंगीत ऐकणाऱ्या पिढ्यांच्या कानात त्यांचा हात आहे.

मी प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेला बसलो तेव्हा प्रश्न होता, दिल्ली आणि अजराडा बाजांतला फरक लिहा. प्रश्नात आमची नावं, आणि त्या खोलीत आमच्यापैकी मी एकटा.

हे असं का झालं याचा इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात बडोद्याला होते. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने तिथे गायनशाळा सुरू झाली. चालवणारे होते मौलाबक्ष. वेळापत्रक, वर्ग, पाठ्यपुस्तकं, त्यांनी स्वतः बसवलेली स्वरलिपी. आज बडोद्याच्या विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची जी फॅकल्टी आहे ती आपलं मूळ त्या शाळेत सांगते. मौलाबक्ष १८९६ ला वारले. सूफी विचार पश्चिमेकडे घेऊन गेलेले हजरत इनायत खान हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव, त्याच घरात वाढले. म्हणजे 'कागदावर संगीत, वर्गात संगीत, परीक्षेत संगीत' ही कल्पना आपल्यावर बाहेरून लादलेली नाही. ती अमलात आणणाऱ्या पहिल्या लोकांत एक मुसलमान उस्ताद होता.

मग १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे उस्तादांच्या दारोदार फिरून चिजा गोळा करत होते. त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे, आपण तो भाषांतराशिवाय वाचू शकतो. जानकी बखले या इतिहासकारांचं 'टू मेन अँड म्युझिक' नावाचं २००५ चं इंग्रजी पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की या संस्था उभ्या राहत असताना घराण्यांतले मुसलमान उस्ताद हळूहळू कडेला गेले आणि त्यांची विद्या मात्र अभ्यासक्रमात आली. पुस्तक वाचून मला गुरुजींच्या भिंतीवरचा फोटो आठवला.

पण मी एवढ्यावर थांबणार नाही, कारण तेवढंच सांगितलं तर ते अर्धं होईल. विचार करा, माझे मामू कोणत्या घराण्याचे? कोणत्याच नाही. आम्ही शिंपी. आमच्या घरात कोणी उस्ताद नव्हता. जुन्या काळात एखाद्या खानदानी उस्तादाने मामूंना कायदा शिकवला असता का? बहुधा नाही. स्वतःच्या घराबाहेर चीज जाऊ नये म्हणून जपणारे उस्ताद होतेच. माझ्यासारख्या शिंप्याच्या भाच्याला, लेथवाल्याच्या मुलाला फी भरून, फॉर्म भरून, रांगेत उभं राहून ती विद्या मिळाली ती या परीक्षांमुळे. मुलींना तर मिळाली ती याच दारातून. म्हणून 'आमचं होतं, त्यांनी नेलं' असं म्हणत कट्ट्यावर बसणाऱ्यांत मी बसत नाही. दार उघडं आहे. त्याच्या आत जाण्यासाठी काय लागतं ते आपण शिकलो नाही.

आता घरचा प्रश्न. तो टाळून इथून उठलो तर तुम्ही म्हणाल, सोयीचं तेवढं बोलला.

"ये अपने में चलता है क्या?" हा प्रश्न अम्मीने मला विचारला होता. मी मौलाना नाही, फतवा द्यायला उभा नाही. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम ग़ज़ालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, कधी चालतं आणि कधी नाही याच्या अटींसह. चिश्तिया सिलसिल्यात समाअ आहे, दुसरीकडे नाही. ज्याच्या घरात खरोखर श्रद्धेचा प्रश्न आहे त्याने घरच्यांशी बसून, आदराने बोलावं. बंडखोरी करून तबला शिकता येतो असं मला वाटत नाही, रियाजाला घरात जागा लागते. अम्मीने आणखी एक विचारलं होतं, परीक्षेच्या ठिकाणी सरस्वतीची तसबीर असते, बंदिशीत कान्हा असतो, त्याचं काय? मी सांगितलं, तसबिरीपुढे मी शांत उभा राहतो, मला कोणी कशाची सक्ती केलेली नाही, आणि कान्ह्याच्या बंदिशी पिढ्यानपिढ्या गाणारे आपलेच उस्ताद होते. अम्मीला सगळं पटलं असं नाही. पण परीक्षेच्या दिवशी डब्यात अंडा-पराठा दिला.

मात्र माझा अनुभव असा की दहा घरांपैकी बऱ्याच घरांत प्रश्न हराम-हलालचा नसतोच. तो पोटाचा असतो. बाप सरळ विचारू शकत नाही की 'बेटा, खाणार काय?' म्हणून मजहब पुढे करतो. तेव्हा पोटाचं उत्तर तयार ठेवा, आणि खरं ठेवा.

खरं असं की नोकऱ्या कमी आहेत. शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघते तेव्हा एका जागेला भरपूर अर्ज येतात. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट, नेटला संगीत हा विषय आहे. आकाशवाणीची श्रेणी मिळवता येते, बी, बी-हाय, ए आणि टॉप. त्याने महिन्याचा पगार येत नाही, पण कार्यक्रमाच्या पाकिटातली रक्कम बदलते. माझं घर खासगी शिकवण्यांवर आणि साथीवर चालतं. कल्याण-डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात गाणं शिकणारी मुलं भरपूर आहेत, साथीला तबलजी लागतोच. लग्नसराईत मी आजही मामूंच्या जुन्या पार्टीत बसतो, आणि मला त्याची लाज नाही. एवढंच की आता मी ठरवलेला आकडा सांगू शकतो. शिष्यवृत्ती आहेत. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं; पण गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. लहान मुलांसाठी, १० ते १४ वयाच्या, सी.सी.आर.टी.ची वेगळी आहे. पाच वर्षांची अट ऐकलीत ना? म्हणजे १८ व्या वर्षी फॉर्म भरायचा तर १३ व्या वर्षी कोणाकडे तरी बसलेलं हवं. आपली मुलं बारावीच्या निकालानंतर विचारायला येतात.

माझ्याकडे सध्या बदलापूरची एक मुलगी येते. नात म्हणायची, आता चार वर्षं गाणं शिकते आहे, माझ्या ओळखीच्या एका बाईंकडे, तालाला माझ्याकडे. सूर काळी पाच. तिचा भीमपलास ऐकून त्या बाई एकदा पेटी वाजवायची विसरल्या. यंदा बारावी झाली. एस.एन.डी.टी.ला चाचणी द्यायची तिची इच्छा आहे. फॉर्मवर पालकांची सही लागते.

मागच्या आठवड्यात तिचे अब्बा आले होते. रिक्षा चालवतात. चहा घेतला नाही. एकच प्रश्न विचारला, "मास्टर, नौकरी लगेगी?" मी म्हटलं, खात्री देत नाही. चार वर्षं शिकली तर शिकवून कमावेल एवढं नक्की सांगतो, सरकारी नोकरीचं सांगत नाही. ते बराच वेळ फॉर्म उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "बड़े भाई को दिखाता हूँ," आणि घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवला. अजून आलेले नाहीत. चाचणीला तेरा दिवस आहेत. ती रोज येते, आम्ही एकताल पक्का करतो आहोत. फॉर्मचं दोघंही काढत नाही.

बरं. मी तबला घेऊन आलो आहे, हातोडी आणि पावडरसुद्धा. ज्यांना कोणत्या परीक्षेपासून सुरू करायचं, मुलाचं वय चालेल का, फॉर्म कुठे मिळतो असं काही विचारायचं असेल त्यांनी थांबा. आणि तिथे मागच्या रांगेत जो मुलगा मघापासून खुर्चीच्या पाठीवर केरवा वाजवतो आहे, त्याने पुढे ये. वाजवू नकोस. हातावर मोज आणि मला आठ मात्रा म्हणून दाखव.